आल्बुकर्कीची आठवडी बैठक : ‘प्रोजेक्ट एको’ची वाटचाल

स्मरणिका म्हटली की संस्थेचा इतिहास आलाच. आणि डॉक्टरांच्या संघटनेचा इतिहास म्हणजे माजी अध्यक्षांची यादी, सभागृहाचे भूमिपूजन आणि रक्तदान शिबिरांचे आकडे, हेही ठरलेलेच. तो भाग पुढच्या पानांवर आहे. या लेखात मात्र एका परक्या संस्थेची कथा आहे. पदवी घेतली, पाटी लावली आणि पुन्हा कॉलेजची पायरी चढायला सवडच मिळाली नाही, अशा डॉक्टरांना दवाखाना बंद न ठेवता शिकवायचे कसे, हा प्रश्न ही संस्था २००३ पासून हाताळते आहे. ती आहे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. तिचे संस्थापक डॉ. संजीव अरोरा मात्र आपल्या पुण्याच्या एएफएमसीचे विद्यार्थी.

न्यू मेक्सिको म्हणजे आकाराने महाराष्ट्रच. आपले राज्य सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरांचे, ते ३ लाख १५ हजारांचे. लोकसंख्या मात्र वीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या नागपूर शहराहून कमी. डोंगर, वाळवंट, मूळ अमेरिकन जमातींच्या वसाहती, स्पॅनिश बोलणारी जुनी खेडी आणि मैलोन्‌मैल रिकामे रस्ते. राज्यातल्या ३३ काउंट्यांपैकी ३२ काउंट्यांत वैद्यकीय सेवा अपुरी असल्याची सरकारदरबारी नोंद होती. वैद्यकीय महाविद्यालय त्या काळी एकच, आल्बुकर्की शहरातल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाचे. डॉ. अरोरा तिथे पोटाचे आणि यकृताचे तज्ज्ञ. बफेलो आणि बॉस्टन इथले प्रशिक्षण आटोपून ते या राज्यात आले आणि त्यांच्या ओपीडीबाहेर हेपॅटायटिस सी च्या रुग्णांची रांग वाढत गेली.

या आजाराचा विषाणू सापडला १९८९ मध्ये. रक्तातून आणि सुयांमधून पसरणारा, वीस-पंचवीस वर्षे काहीही न बोलता यकृतात बसून राहणारा आणि मग सिरॉसिस किंवा कॅन्सरच्या रूपाने बाहेर पडणारा. २००३ च्या सुमारास त्यावर उपचार होता, पण उपचार म्हणजे दुसरा आजारच. आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. जीनोटाइप १ असेल तर ४८ आठवडे, २ किंवा ३ असेल तर २४. इंजेक्शनानंतर थंडी-ताप, अंगदुखी. हिमोग्लोबिन घसरते, पांढऱ्या पेशी घसरतात, झोप जाते, नैराश्य येते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. एवढे सोसूनही जीनोटाइप १ मध्ये निम्म्याहून कमी रुग्ण बरे व्हायचे. असला उपचार एखाद्या खेड्यातला डॉक्टर एकट्याच्या जबाबदारीवर कशाला सुरू करील? तो चिठ्ठी लिहायचा. आपणही तेच केले असते.

चिठ्ठी घेतलेल्या रुग्णाला आल्बुकर्कीत नंबर लागायला आठ महिने लागत. मग वर्षभरात बारा ते अठरा खेपा, त्यातल्या काही ४०० किलोमीटरांवरून. जवळजवळ सिरोंचाहून नागपूर म्हणा, आणि तेही अंगात इंटरफेरॉनचा ताप असताना. रोजंदारीवरचा माणूस हे करीत नाही. तो घरी बसतो. राज्यातल्या बाधितांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना उपचार मिळाले होते. तुरुंगात दाखल होणाऱ्यांत सुमारे ४० टक्के कैदी बाधित, आणि त्यांच्यापैकी कुणावरही उपचार नव्हते. डॉ. अरोरा आपल्या भाषणांत एका बाईंची हकिगत सांगतात. मुलांना घेऊन, गाडीने कित्येक तास प्रवास करून त्या आल्या. निदान काही वर्षांपूर्वीच झाले होते, पण एवढ्या खेपा परवडणार नाहीत म्हणून उपचार घेतलेच नव्हते. आता पोट दुखू लागले म्हणून आल्या, तेव्हा यकृताचा कॅन्सर झालेला होता. औषध शहरात होते, ते देता येणारे हातही शहरात होते, आणि बाई मेल्या त्या अंतरामुळे.

अशा ठिकाणी आणखी तज्ज्ञ नेमा, फिरते दवाखाने काढा, किंवा टेलिमेडिसिन सुरू करा, हे सल्ले कुणीही दिले असते. टेलिमेडिसिनचा अर्थ तेव्हा एवढाच की तज्ज्ञ पडद्यावर बसून एकेका रुग्णाला तपासणार. त्याने रुग्णाची खेप वाचते, पण तज्ज्ञाचा वेळ वाचत नाही. त्याच्या दिवसाचे तास तेवढेच राहतात. डॉ. अरोरांनी रुग्णाला पडद्यावर आणलेच नाही. पडद्यावर आणले ते त्याच्या डॉक्टरला. रुग्ण गावातच राहील, त्याचा नेहमीचा डॉक्टरच त्याला औषध देईल, त्याची जबाबदारीही त्याच डॉक्टरची. शहरातले तज्ज्ञ त्याला ते काम शिकवतील आणि तो शिकेपर्यंत दर आठवड्याला सोबत राहतील. संस्थेचे नाव ‘एक्स्टेन्शन फॉर कम्युनिटी हेल्थकेअर आउटकम्स’ असे लांबलचक आहे. सगळे जग तिला ‘एको’ म्हणते.

बैठक कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण संस्थेचे सारे भांडवल त्या दोन तासांत आहे. आल्बुकर्कीच्या खोलीत यकृततज्ज्ञ, संसर्गरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट. समोरच्या पडद्यावर चौकटी: एकेका चौकटीत एकेक गाव. सुरुवातीच्या काळात व्हिडिओची सोय नसलेली मंडळी नुसत्या फोनवरून हजेरी लावत. आधी पंधरा-वीस मिनिटांचे छोटे व्याख्यान. त्यानंतर केस.

नमुन्यादाखल अशी केस घ्या. गावातला डॉक्टर ठरलेल्या फॉर्मवरून वाचतो, नाव-पत्ता न सांगता. पुरुष, वय ५२, जीनोटाइप १, उपचाराचा आठवा आठवडा. हिमोग्लोबिन १४.५ होते, आता ९.६. दम लागतो, झोप नाही, बायको म्हणते चिडचिड वाढली आहे. डॉक्टरचा प्रश्न एकच: थांबवू का? फार्मासिस्ट सांगतो, दहाच्या खाली गेले की रिबाव्हिरिनचा डोस कमी करायचा, साडेआठच्या खाली गेले तर बंद. हा अजून मधल्या पट्ट्यात आहे. यकृततज्ज्ञ म्हणतात, बाराव्या आठवड्याचा व्हायरल लोड हातात आल्याशिवाय इंटरफेरॉन सोडू नका, तो शंभरपटीने उतरला नसेल तर मग पुढे रेटण्यात अर्थ नाही. मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, जगणे नकोसे वाटते का, हे त्याला थेट विचारलेत का? विचारा, आणि नैराश्याच्या गोळ्या आजच सुरू करा. एवढ्यात दुसऱ्या चौकटीतून तिसऱ्याच गावची नर्स सांगते, माझ्याकडे असाच एक होता, त्याला अमुक वेळी इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशीचा कामाचा खाडा टळला. पुस्तकात हे सापडत नाही. शिफारशी लेखी स्वरूपात त्या डॉक्टरकडे जातात. पाळायच्या की नाही ते तो ठरवतो. मग दुसरी केस.

आपण रेसिडेन्सीत शिकलो ते असेच: राउंडला, केस मांडताना, सिनियरने अडवून विचारलेल्या प्रश्नांतून. फरक इतकाच की इथे वॉर्ड राज्यभर पसरलेला आहे आणि केस मांडणाऱ्याला कुणी सगळ्यांसमोर झापत नाही. हा दुसरा भाग किरकोळ समजू नये. चाळीस वर्षांचा, गावात मान असलेला डॉक्टर ‘मला हे येत नाही’ असे पडद्यावर म्हणायला तयार व्हावा, यासाठी बैठक चालवणाऱ्याच्या अंगी वेगळे कसब लागते. आधी कौतुक, मग इतर गावांना प्रश्न विचारण्याची संधी, तज्ज्ञ सगळ्यात शेवटी बोलणार, ही पद्धत एकोच्या बैठकींत पुढे रूढ झाली. आपल्या सीएमईत मुख्य वक्ता पहिला पाऊण तास स्लाइड दाखवतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना फरक सांगायला नको.

संस्थेने चार तत्त्वे पहिल्यापासून धरून ठेवली: तंत्रज्ञान वापरून थोडे तज्ज्ञ अनेकांपर्यंत पोहोचवणे, सर्वांत चांगली समजली जाणारी उपचारपद्धत सगळीकडे सारखी नेणे, केसवरून शिकणे आणि निकाल मोजत राहणे. पहिली तीन ऐकायला गोड आहेत. चौथे अवघड, आणि संस्थेचे नाव त्यानेच झाले.

सुरुवातीला २१ केंद्रे जोडली गेली, १६ गावोगावचे दवाखाने आणि ५ तुरुंग. काही वर्षांनी, २५ डॉक्टर-नर्सना शिकण्याआधी आणि नंतर स्वतःला गुण द्यायला सांगितले, तेव्हा सातपैकी सरासरी २.८ होती ती ५.५ वर गेली होती. पण आत्मविश्वास वाढला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. कधीकधी उलटेही होते. म्हणून रुग्णांची तुलना झाली. ४०७ रुग्ण: १४६ विद्यापीठाच्या दवाखान्यात तज्ज्ञांकडे, २६१ गावांत आणि तुरुंगांत आपापल्या डॉक्टरांकडे. विषाणू कायमचा गेलेल्यांचे प्रमाण तज्ज्ञांकडे ५७.५ टक्के, गावांत ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम तज्ज्ञांकडे १३.७ टक्के, गावांत ६.९ टक्के. जून २०११ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले.

हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता. कोणता रुग्ण कुठे गेला हे संशोधकांच्या हातात नव्हते, त्यामुळे दोन्ही गट तंतोतंत सारखे मानता येत नाहीत. तरीही तज्ज्ञाच्या हाताशिवाय इंटरफेरॉन देणे धोक्याचे, ही भीती खोटी ठरली एवढे निश्चित. गावच्या डॉक्टरला रुग्ण ओळखीचा असतो, तो पितो की नाही, घरी कोण आहे, गोळ्या आणायला पैसे आहेत का, हे त्याला विचारावे लागत नाही. दुष्परिणाम कमी निघण्यामागे याचाही वाटा असावा, असे मला वाटते. आणि डॉ. अरोरांच्या सांगण्यानुसार दीड वर्षातच आल्बुकर्कीच्या ओपीडीतली आठ महिन्यांची प्रतीक्षा दोन आठवड्यांवर आली.

पुरस्कार, मदतनिधी यांची जंत्री इथे देत नाही. २००७ साली ‘अशोका’ आणि रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने घेतलेल्या स्पर्धेत एको निवडली गेली आणि पुढे त्याच फाउंडेशनने मोठी मदत दिली, एवढे पुरे. महत्त्वाचे हे की विषय वाढत गेले. मधुमेह, दमा, संधिवात, एचआयव्ही, जुनाट वेदना आणि व्यसने. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंत न्यू मेक्सिको तेव्हा अमेरिकेत वरच्या क्रमांकावर होते, तरी ब्युप्रेनॉर्फिन देऊ शकणारे डॉक्टर खेड्यांत जवळपास नव्हतेच. त्यांना तयार करण्याचे काम याच बैठकींतून झाले. तुरुंगांत तर कैद्यांनाच शिकवले गेले. संसर्ग कसा होतो, टॅटूची सुई एकमेकांना का द्यायची नाही, हे सांगायला तुरुंगाच्या डॉक्टरपेक्षा शेजारच्या कोठडीतला माणूस जास्त उपयोगी, हे संस्थेने ओळखले. निवडक कैद्यांना आरोग्यशिक्षक म्हणून प्रशिक्षण दिले गेले आणि ते इतरांचे वर्ग घेऊ लागले.

मग पद्धत राज्याबाहेर गेली. वॉशिंग्टन आणि शिकागो इथल्या विद्यापीठांनी ती उचलली, माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी आणि लष्करानेही. डिसेंबर २०१६ मध्ये या पद्धतीचा अभ्यास करण्याविषयीचा कायदा अमेरिकेत झाला. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांच्या सिनेटमध्ये तो ९७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला होता, हे कायद्याहून नवलाचे. कोविडच्या काळात वृद्धाश्रमांतल्या परिचारिकांना याच बैठकींतून संसर्गनियंत्रण शिकवले गेले.

गंमत अशी, की ज्या आजारावर संस्था उभी राहिली तोच मधल्या काळात सोपा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि बघता बघता इंटरफेरॉन इतिहासजमा झाले. आता बहुतेक रुग्णांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक बरे होतात. संस्था एका औषधावर उभी असती तर तिथेच संपली असती.

भारतात या संस्थेची शाखा ‘एको इंडिया’ २००८ पासून आहे, दिल्लीला. बंगळूरच्या निम्हान्सने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांसाठी ही पद्धत स्वीकारली, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना तिथे केस मांडायला मिळू लागल्या. पण आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग पंजाबचा. तिथे हेपॅटायटिस सी चे प्रमाण मोठे. २०१६ मध्ये राज्य सरकारने मोफत गोळ्यांची योजना आणली. रुग्ण हजारोंनी, आणि चंदीगडच्या पीजीआयमधल्या यकृततज्ज्ञांकडे सगळे पाठवणे अशक्य. म्हणून पीजीआयच्या मंडळींनी जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनांना एकोच्या बैठकींतून शिकवले आणि उपचार जिल्ह्यातच सुरू झाले. ४८ हजारांवर रुग्ण, त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले. ज्यांचे उपचार आणि नंतरची तपासणी पूर्ण झाली त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के बरे झाले. बरेचसे पाठपुराव्यातून गळाले, हेही त्याच अहवालात आहे, आणि ज्याने सरकारी कार्यक्रमात काम केले आहे त्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

दवाखाना सांभाळून शिकण्याची ही एकच वाट नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या शतकाच्या पहिल्याच दशकात कौटुंबिक वैद्यकाची दोन वर्षांची पदविका दूरशिक्षणाने सुरू केली. घरी पाठवलेले अभ्याससंच, व्हिडिओवरचे वर्ग आणि मधूनमधून रुग्णालयात जाऊन प्रत्यक्ष शिकण्याचे दिवस. कमी पाठवा, जास्त सोडवा, असा तिचा रोख. वेल्लोर डॉक्टरला दोन वर्षांनी प्रमाणपत्र देते. एको प्रमाणपत्र देण्यापेक्षा सोबत देते, आणि ती संपत नाही. आणि सरकारची ई-संजीवनी आहे. उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी पडद्यावरच्या डॉक्टरला रुग्ण दाखवतो, औषध लिहून मिळते, रुग्ण घरी जातो. सेवा म्हणून उत्तम. पण पुढच्या आठवड्यात तसाच रुग्ण आला तर तो अधिकारी पुन्हा पडद्याकडेच वळतो, कारण मधल्या वेळात त्याला कुणी काही शिकवलेले नसते.

आता एकोच्या उण्या बाजूही लिहायला हव्यात. हेपॅटायटिस सी मध्ये निकाल मोजणे सोपे होते: विषाणू गेला किंवा राहिला. जुनाट वेदना, मधुमेह, मानसिक आजार यांत तसे होत नाही. तिथले बरेचसे अहवाल हजेरी किती, समाधान किती, आत्मविश्वास किती वाढला यावरच थांबतात, आणि रुग्णाचे काय झाले हे सांगणारे कमी. पैशाचा प्रश्नही सुटलेला नाही. बैठक सहभागींना मोफत असते, पण पलीकडे बसणाऱ्या तज्ज्ञांचे दोन तास कुणीतरी भरून द्यावे लागतात. अमेरिकेत ते बहुतांशी अनुदानांतून येतात. आणि अलीकडच्या डॉक्टरचे दोन तास? पगारी डॉक्टरचे भागते. आपल्यासारख्यांची ओपीडी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा. त्यात दोन तास पडद्यासमोर बसलो तर त्या दिवशीचा गल्ला बुडाला.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. ते आपण कसे गोळा करतो हे एकमेकांना ठाऊक आहे: हॉटेलचा हॉल, औषध कंपनीचा बॅनर, सहीचे रजिस्टर, व्याख्यान आणि जेवण. वक्त्यांचा शेवटचा स्लाइड अनेकदा ‘केव्हा रेफर करावे’ हा असतो आणि त्याखाली त्यांच्या हॉस्पिटलचा नंबर. यात कुणा एकाला दोष नाही. पद्धतच तशी पडली आहे. ज्याला रुग्ण हवे आहेत त्यानेच आपल्याला रुग्ण ठेवून घ्यायला शिकवावे, ही अपेक्षा थोडी भाबडी आहे. आल्बुकर्कीत हे जमले, कारण तिथला तज्ज्ञ पगारी होता आणि त्याच्यापुढे आठ महिन्यांची रांग होती. आपल्याकडे अशी रांग असलेले तज्ज्ञ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. सुरुवात करायची तर त्यांच्यापासूनच करावी लागेल.

आपल्या संघटनेनेही अशी बैठक सुरू करावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे मांडला आहे. त्यात म्हणूनच तीन गोष्टी आहेत. विषय एकच, मधुमेह, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात रोज येतो आणि एचबीएवनसी मोजून निकाल सांगता येतो. वेळ दुपारी तीन ते चार, दोन ओपीडींच्या मध्ये; झोप जाईल याची कल्पना आहे. आणि प्रत्येक सभासदाने महिन्यातून निदान एक केस मांडायची, ज्यात आपले काय अडले ते लिहिलेले असेल. केस न मांडणाऱ्याला नुसत्या हजेरीचे क्रेडिट मिळू नये, असे माझे मत. त्यावर कार्यकारिणीत एकमत झालेले नाही.